पहारेकऱ्याची तहान

पत्नी यमुनाबाई गेल्यापासून दत्तोपंतांच्या घरात बोलायला कुणी नव्हतं. पुण्याहून आलेल्या लेकीला, नीरजाला, ते बघवेना. जाताना तिनं वडिलांच्या संगणकावर एक गेम टाकून दिला.

गेममध्ये एक धांदरट आचारी होता. राजाचा मुकुट शेळीनं खाल्लेला, आणि आळ याच्यावर. जिथं क्लिक करावं तिथून उत्तर यायचं. खुर्चीवर केलं तर खुर्ची कण्हायची, माठावर केलं तर आचारी माठाशीच हुज्जत घालायचा. वर्षभरानं दत्तोपंत हसले ते त्या माठामुळं.

पण वाड्याच्या दारातला पहारेकरी काही केल्या हलेना. दत्तोपंतांनी त्याला कांदा दिला, शिडी दिली, फाटका मोजाही देऊन पाहिला.

त्या उन्हाळ्यात शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. इमारतीची मोटर दत्तोपंतांकडं होती. सकाळी गच्चीवरची टाकी धुतली होती. तळाचा वॉल्व्ह बंद करून मोटर लावायची, एवढंच काम. त्यांनी मोटर लावली. तेवढ्यात पहारेकऱ्याला शिडीला बांधलेला कांदा द्यावा असं सुचलं, आणि वॉल्व्ह उघडाच ठेवून ते घरात पळाले.

सगळ्या इमारतीचं आठवड्याचं पाणी गच्चीवरून गटारात गेलं.

कुणी भांडलं नाही. बायका रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात नुसत्या उभ्या राहिल्या, आणि दत्तोपंतांना तेच सोसेना. सेक्रेटरी विश्वजितनं टँकरसाठी फोन लावला. दत्तोपंत दार लोटून आत बसले.

खालच्या मजल्यावरच्या आवडाबाई तेवढ्या वर आल्या. बिडकीनकडची जमीन विकून लेकाकडं राहायला आलेल्या, लेक दिवसभर कामावर. गुडघे धरत त्या खुर्चीवर टेकल्या आणि ज्यापायी पाणी घालवलं ते आहे तरी काय, म्हणून त्यांनी विचारलं. दत्तोपंतांनी खालमानेनं सगळं सांगितलं.

आवडाबाईंनी पडद्याकडं निरखून पाहिलं. "उन्हात हुबा हाय त्यो. पाणी पाजलं का त्याला?"

आचाऱ्याच्या झोळीत पहिल्यापासून पाण्याचा तांब्या होता. दत्तोपंतांनी तो जपून ठेवला होता. पाणी असं कुणालाही देऊन टाकायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

पहारेकरी घटाघटा प्याला, पोट धरून आडोशाला पळाला, आणि दार मोकळं झालं. आवडाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्यांनी विचारलं,

"यात माणूस मरत नाय का, पंत?"

"नाही. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून करता येतं."

"लई बरंय," त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

वाड्याच्या आत सतरा दारं निघाली. दोघं उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. खाली टँकर येऊन गेला होता. सगळ्या घरांनी पिंपं भरून घेतली होती, फक्त या दोघांची कोरडी होती. विश्वजितनं दोन्ही दारं वाजवली होती म्हणे.

आवडाबाई कठड्यावरून खालच्या ओल्या मातीकडं बघत राहिल्या.

"आता उद्याबिगर काय मिळत नाय," त्या म्हणाल्या. "चला, लावा पुढं."