मान्यताप्राप्त आजी

ओहायोच्या वेंडेल क्राऊसची नऊ वर्षांची लेक टेस एका अतिनिवडक सॉकर संघात होती. निवडीची अट एकच: बापाकडे गाडी हवी. दर शनिवारी बापलेक कुठल्यातरी राज्यात जायची, चाळीस मिनिटं खेळून परत यायची. या खेपेला मात्र वेंडेल खुशीत होता. अकरा तासांवरच्या मिसुरीतली स्पर्धा नेमकी त्याच्या आईच्या घरासमोरच होती. शहाऐंशीच्या अर्लीन आजीनं नातीला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं, आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरून पुढचा हंगाम तिला मिळेलसं दिसत नव्हतं.

"उतरलात कुठे?" नोंदणीच्या टेबलावरच्या लोर्ना प्रुइटबाईंनी विचारलं.

"आईकडे. ते काय, समोर."

"अहो, नियम वाचता की नाही? बाहेरगावच्या खेळाडूनं मान्यताप्राप्त हॉटेलातच झोपायचं. नाहीतर संघ बाद."

"हॉटेलं भरलीत सगळी!"

"मग आईंना मान्यता घ्या. अर्ज क्रमांक सतरा."

शहाणा माणूस इथूनच गाडी वळवून घरी गेला असता. वेंडेलनं अर्ज भरला. तासाभरात तपासनीस आला. त्यानं स्वयंपाकघरात बर्फाचं यंत्र बसवायला लावलं, पोहण्याचा तलाव नसल्यामुळे बाथटबवर ‘जीवरक्षक हजर नाही’ अशी पाटी लावली, आणि म्हातारीच्या छातीवर नावाचा बिल्ला टोचला.

"हे काय रे थेर, वेंडेल?"

"उद्यापुरतं गं, आई. टेससाठी."

"तिच्यासाठी घोडासुद्धा होईन मी, मेल्या. पण माझी खुर्ची पुढच्या रांगेत टाक."

सकाळी अर्लीन ठेवणीतली टोपी घालून मैदानाच्या फाटकाशी आली. प्रुइटबाईंनी बिल्ला पाहिला.

"हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना प्रवेश नाही. पाहुणे मुक्कामाला असताना काउंटर सोडायचं नसतं."

"अगं बाई, पाहुणी तर आत खेळतेय!"

"सामान घरात आहे ना तिचं?"

वेंडेलनं तोंड उघडलं. तेवढ्यात प्रशिक्षकानं कानाशी सांगितलं, की पालकानं वाद घातला तर संघ बाद. वेंडेलनं तोंड मिटलं. शरम वाटली त्याला, नाही असं नाही, पण मिटलं. अर्लीन परत जाऊन व्हरांड्यात बसली. कुंपणाला प्रायोजकांचं कापड लावलेलं. त्याच्यावरून एकदा चेंडू उडाला, तेवढा तिला दिसला.

टेसनं दोन गोल ठोकले, तेही ओहायोतल्या त्यांच्या शेजारच्याच गल्लीतल्या मुलींवर. त्याही बिचाऱ्या अकरा तास गाडीत बसून आल्या होत्या.

दुपारच्या सामन्याआधी मुक्कामाचा अभिप्राय सक्तीचा होता. वेंडेलनं सगळीकडे पाच तारे दिले. अर्ज परत आला: नातेवाइकांनी दिलेले पूर्ण गुण ग्राह्य नाहीत, किमान एक उणीव नोंदवावी.

"बाबा, लवकर लिही ना," टेस रडकुंडीला आली. "मला बाहेर बसवतील!"

तुम्ही काय लिहिलं असतंत? वेंडेलनं तुमच्याइतकाच विचार केला, म्हणजे अर्धं मिनिट. मग लिहिलं: ‘काउंटरवरच्या बाई रडत होत्या.’ एक तारा कापला गेला, अर्ज मंजूर झाला, आणि टेस पहिल्या मिनिटापासून खेळली.