पाचशे वॅटचा सूर्य

शगुफ्ताचे कासव बारा दिवसांपासून जेवत नव्हते, आणि शगुफ्ता शुक्रवारी येणार होती.

मे महिन्यात लग्न होऊन चंद्रपूरला जाताना लेक आईच्या, जमीलाबींच्या, गळ्यात पडून पोटभर रडली, मग डोळे पुसून म्हणाली की माझ्या कासवाकडे लक्ष ठेव. तांबड्या कानपट्ट्यांचे, तळहाताएवढे ते पाण्यातले कासव तिने नागपूरहून हौसेने आणले होते. जमीलाबींनी ते लेकीच्या जागी मानले. दुपारभर त्या त्याच्याशी बोलत, आणि ते मध्येच उठून जात नसे हा त्याचा मोठा गुण. पण दिवाळी झाली, थंडी पडली आणि त्याचे खाणे कमी होत होत सुटले. आता ते डोके आत ओढून टबाच्या कोपऱ्यात पडून होते.

"पोरीले काय तोंड दाखवू मी?" जमीलाबी म्हणाल्या. "मी सासरी गेली अन् अम्मीनं कासव मारलं, असंच म्हणन ते."

त्यांचे यजमान हाफिजभाई वडशातल्या एका नाटक कंपनीचे लाइटवाले. हिवाळ्यात गावोगावच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटक, पहाटे घरी आणि मग दिवसभर झोप, असा त्यांचा क्रम. बायकोच्या डोळ्यांत पाणी पाहून मात्र त्यांनी झोप मोडली आणि टब काखोटीला मारून गुरांच्या डॉक्टरांना गाठले. डॉक्टरांनी कासव उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले आणि सांगितले की या प्राण्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. दिवसाचे आठ-दहा तास ऊन द्या, आणि अंग शेकायला पाण्यात एक वीट ठेवा.

जमीलाबी म्हणाल्या की मग अंगणात ठेवू. हाफिजभाईंनी ते हसण्यावारी नेले. अंगणात मांजरी होत्या, छपरावर माकडे होती. आणि मुख्य म्हणजे डिसेंबरातल्या उन्हाबद्दल त्यांचे मत बरे नव्हते.

"त्या उन्हात काय दम हाय? ऊन म्हंजे पाचशेचा हॅलोजन, त्याच्यावर पिवळा कागद. पंधरा वर्सापासून सूर्य उगवून राह्यलो मी, मले सांगते का?"

यात थापा नव्हत्या. त्यांच्या हातचा सूर्योदय पाहायला लोक बैलगाड्या जुंपून येत. उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरचे बटण ते असे अलगद फिरवत की पडद्यामागून कोंबडा आरवायच्या आधीच टाळी पडे. तोच हॅलोजन त्यांनी दिवसापुरता घरी आणला आणि टबाशेजारी स्टुलावर ठेवून सूर्य उगववला. पहिल्या तासात प्लास्टिकच्या टबाची कड मऊ होऊन खाली वाकली आणि अर्धे पाणी पलंगाखाली गेले. मग सूर्य दोरीने आढ्याला टांगला. संध्याकाळी शेजारच्या लटारूभाऊंनी पंप सुरू केला तसा फ्यूज उडाला आणि दोन्ही घरे अंधारात गेली. तेव्हा असे ठरले की लटारूभाऊंनी पाणी सूर्य मावळल्यावर भरायचे, आणि सूर्य कधी मावळतो ते हाफिजभाई भिंतीवरून ओरडून सांगतील.

लटारूभाऊंची बायको मनकर्णाबाई चौकशीला म्हणून आली आणि ऊब पाहून गुडघा शेकत बसली. दुसऱ्या दिवशी तिने ओल्या पापडांची परात आणली. दिवसभर एवढा उजेड, एवढी माणसे. हाफिजभाईंच्या डोळ्याला डोळा लागेना. कासव तेवढे शांत होते, कारण ते विटेवर चढायचे सोडून विटेच्याच सावलीत लपले होते. गुरुवारी दुपारी त्याने एक डोळा उघडला. जमीलाबींनी ठणकावले की आता सूर्य इथून हलणार नाही, तुम्ही नाटकाला दुसरे काही तरी न्या.

नाटकाला शंभरचा बल्ब गेला. तिसऱ्या अंकात नायकाने छाती फुगवून सांगितले की बघा, अंधार संपला, सूर्य उगवला. आणि रंगमंचाच्या कोपऱ्यात कंदील लावावा तेवढे काही तरी पिवळे झाले. प्रेक्षकांतून कोणी तरी विचारले, सूर्याले ताप आला काय? पुढचे दुःखाचे दोन प्रवेश लोकांनी हसत पाहिले.

शुक्रवारी सकाळी नऊला कंपनीचा मालक आदेश दारात उभा राहिला. वयाने लहान, पण मालक.

"हाफिजभाई, आपला सूर्य कुठी हाय?"

हाफिजभाईंनी मान खाली घालून आढ्याकडे बोट दाखवले. आदेशने वर पाहिले, खाली पाहिले, पापड पाहिले. मग तो आत आला, थंडीचे दार मागे लोटले आणि स्टुलावर चढून त्याने हॅलोजन सोडवला.

घरात गुडुप अंधार झाला. सकाळचे नऊ वाजले होते तरी माणूस माणसाला दिसेना. जमीलाबी कासवासाठी घाबऱ्या झाल्या, चाचपडत भिंतीशी गेल्या आणि हाताला लागलेले कापड त्यांनी ओढले. हंगाम लागला की दिवसा झोप यावी म्हणून हाफिजभाई पूर्वेच्या खिडकीवर नाटकाचा जाड काळा पडदा ठोकत, तो खिळ्यांसकट खाली आला. उन्हाचा मोठा पट्टा थेट टबात पडला.

विटेमागून आधी नाक आले, मग मान. पाय ताणत कासव विटेवर चढले आणि उन्हाकडे तोंड करून पसरले. अर्ध्या तासाने जमीलाबींनी पालकाचे पान पुढे केले तर त्याने ते बोटासकट ओढले. बोटाला रक्त आले तरी त्या हसत होत्या.

"दिवाळीपासून आपणच याची रात्र केली होती," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

हाफिजभाईंनी खिडकीतून येणारे ऊन जाणकाराच्या नजरेने न्याहाळले. "डाव्या अंगानं जरा जास्त हाय," ते म्हणाले, "पण चालते."

दुपारी शगुफ्ता आली. कासव विटेवर, पालक अर्धा फस्त, घर उन्हाने भरलेले. अम्मीला मिठी मारून झाल्यावर तिने विचारले, "अब्बा कुठी हाय?"

जमीलाबींनी पलंगाखाली बोट दाखवले. घरात अंधार उरला होता तो तेवढाच. शगुफ्ता वाकली. काळ्या घोंगडीचा एक गोल ढीग होता. तो हलला, त्यातून हाफिजभाईंचे डोके सावकाश बाहेर आले आणि उजेडात त्यांचे डोळे मिचमिचले.

"दुपारचं जेवलं काय ते?"

"जेवलं, अब्बा."

डोके पुन्हा आत गेले.