मोराच्या ट्रकची चाकं

आमच्या चिंचवडच्या सोपानकाकांना एकदा चाकचोर म्हणून पोलिसांनी धरलं होतं. रविवारी सकाळी, भर चौकात, ते जॅक लावून महापालिकेच्या ट्रकचं चाक उचलत होते. मी दूध आणायला निघालेलो, म्हणून साक्षीला सापडलो.

"सायेब, चोर चाक काढून नेतो," काका हवालदाराला शांतपणे म्हणाले. "मी जाग्यावर फिरवतोय."

हा ट्रक सैन्यातून मोडीत निघालेला. इंजिन काढून, अंगावर मोर आणि सूर्यफुलं रंगवून, हौद्यात कुंड्या ठेवून शहराच्या शोभेसाठी तो चौकात उभा केलाय. येणारेजाणारे मोरापुढे फोटो काढतात. काकांना मोर दिसतच नाही. लष्कराच्या वर्कशॉपात उभा जन्म फिटर म्हणून काढलेला माणूस, त्यांना टायर दिसतो.

"उभ्या गाडीचं टायर बसतंय, राव," हे त्यांचं पालुपद. गाडी हलली नाही की सगळा भार टायरच्या एकाच भागावर येतो आणि तो भाग कायमचा चपटा होतो. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेक चाक उचलून पाव फेरा द्यायचा. हात ग्रीसने काळे व्हायचे, पण चौकातल्या नळावर ते कधी धुवायचे नाहीत. तसेच घरी न्यायचे.

ह्या ट्रकला आता जायचंय कुठे, असं मी एकदा विचारलं. माझी जीभ जरा सैलच आहे.

"जायाचं न्हाई म्हून मरू द्यायचं व्हय?"

खंडेनवमीला आम्ही चाकणच्या कंपनीत मशीनला हार घालतो, काका ट्रकला घालायचे. नारळही बंपरवरच फोडायचे.

मग सुशोभीकरणवाल्यांनी चाकं सिमेंटमध्ये बसवायचं ठरवलं. काका अर्ज घेऊन तीन वेळा ऑफिसात गेले. कारकुनाने पंक्चरची तक्रार म्हणून नोंद केली आणि आठवड्याभरात सगळी चाकं निम्म्यापर्यंत काँक्रिटमध्ये गेली. काका जॅक हातात घेऊन ते वाळेपर्यंत उभे होते. मला हसू आलं होतं, त्याची आज लाज वाटते.

पुढच्या पहिल्या रविवारी काका चौकात दिसले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. काकूंना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झालेली, वाचाही गेलेली. हे सगळं ठाऊक असून शेजारी असलेला मी आतल्या खोलीत कधी डोकावलो नव्हतो.

आमचा चहा चालला होता. काकांनी घड्याळ पाहिलं, कप ठेवला आणि ते आत गेले; माझा कप घेऊन मीही दारापर्यंत गेलो. एक हात काकूंच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घालून त्यांनी त्यांना अलगद डाव्या कुशीवर वळवलं आणि पाठीशी उशी लावली. दर दोन तासांनी वळवावं लागतं, रात्रीसुद्धा, असं त्यांनी मला सांगितलं. पाठीला अजून एकही जखम नाही.

काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. पहिला रविवार त्यांनाही पाठ असावा.

"व्हय, आत्ताच आलो फिरवून," काका म्हणाले. "एकबी टायर बसलं न्हाई बघ."

उशी सारखी करत असलेल्या त्यांच्या हातांकडे काकूंनी पाहिलं. हात स्वच्छ होते. बराच वेळ पाहून त्यांनी हळूच मान डोलावली.

मी खाली बघत गार झालेला चहा संपवला.