ठवकरकाकांचा बिनआवाजाचा कूलर

आमच्या शेजारचे ठवकरकाका दुकानात गेले की आधी खोका वाचतात. आपण किंमत आणि तारीख बघण्यापुरता वाचतो तसा नव्हे. कपाळावरचा चष्मा नाकावर येतो, खोका उजेडाकडे धरला जातो आणि त्याच्या सगळ्या बाजू खणखणीत आवाजात वाचून होतात. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात, दुकानदार कपाळाला हात लावतो, कुणीतरी "काका, जरासे सरका नं" म्हणतं. काका सरकत नाहीत. शेवटची ओळ संपली की दुकानदाराकडे बघून म्हणतात, "लिहिलं हाय. आता तसं निंगाले पायजे."

आणि तसं निघालं नाही, तर वस्तू खोक्यासकट परत.

खोक्याला त्या घरात देवघराच्या खालोखाल मान आहे. नागपूरच्या नंदनवन वस्तीतलं त्यांचं घर काही लहान नाही, पण माळ्यावर खोके, दिवाणाखाली खोके, जिन्याखाली खोके. इस्त्री जळून भंगारात गेली त्याला जमाना झाला, तिचा खोका अजून आहे. "खोका नाही तं वापसी नाही," हे काकांचं दुसरं आवडतं वाक्य. लीलाकाकूंनी एकदा मिक्सरचा खोका कांदे ठेवायला घेतला, तर काका घर लुटलं गेल्यासारखे दारात येऊन बसले होते.

मला वाटतं, हा सगळा त्यांच्या नोकरीचा परिणाम. काकांनी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. छापायच्या आधी जे काय चुकायचं ते चुको, एकदा छापलं की ते खरं असलंच पाहिजे, अशी त्यांची पक्की समजूत. जाहिरातीतलं थोडं सोडून द्यायचं असतं, हे जगात सगळ्यांना कळतं. काकांना ते कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं तर पटत नाही.

छत्रीची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. छत्रीच्या पट्टीवर छापलं होतं, 'वाऱ्याने उलटत नाही'. काकांनी दुकानातच मोठा पंखा पूर्ण सोडायला लावला आणि त्यासमोर छत्री उघडून उभे राहिले. छत्री तर उलटलीच, पण जाताना भिंतीवरचं कॅलेंडर आणि दुकानदाराच्या चहाचा ग्लासही घेऊन गेली. काका शांतपणे म्हणाले, "पट्टीवर लिहिता तं एकदा पंख्यासमोर उभं राहून पाहात जा नं गा." त्या माणसाने पैसे परत दिले आणि वर हात जोडले.

संत्र्यांच्या बाबतीत तर ते काटोलपर्यंत गेले. कुण्या व्यापाऱ्याच्या पेटीवर 'बिनबियांची' असं छापलेलं होतं आणि घरी फोडीफोडीत बिया निघाल्या. काकांनी बिया धुतल्या, वाळवल्या, कागदाच्या पुडीत बांधल्या आणि काटोलची बस धरली. मी म्हटलं, "काका, संत्र्यांपेक्षा तिकीट महाग पडेल." ते म्हणाले, "तिकिटावर काटोल लिहिलं हाय, बस काटोललेच जाते. मले काय तक्रार हाय?" व्यापाऱ्याने ती पुडी बघितली आणि तो इतका हसला की काकांना बाजूला बसवून चहा पाजला. आता दर हंगामात त्याच्याकडून एक पेटी येते. तिच्यावर तो स्वतःच्या हाताने 'बियावाली' असं लिहून पाठवतो, आणि काका ती पेटी कौतुकाने दाखवत फिरतात.

एकदाच काय ते हरले. 'केस गळणे थांबेल' असं लिहिलेलं तेल त्यांनी संपेपर्यंत लावलं आणि रिकामी बाटली घेऊन दुकानात गेले. दुकानदार त्यांच्या तुळतुळीत डोक्याकडे बघून म्हणाला, "काका, आता गळून राह्यले का?" काकांनी डोक्यावरून हात फिरवला आणि ते बाटली पिशवीत घालून परत आले. मला म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. गळणं थांबलं हाय."

आता काकूंबद्दल सांगायला हवं. लीलाकाकू म्हणजे आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र. स्वयंपाकघरातून त्या काकांशी बोलायच्या आणि कोपऱ्यावरचा पानवाला उत्तर द्यायचा. भाजी, भाचीचं लग्न, शेजाऱ्यांचं भांडण, नळाचं पाणी, सगळं एका दमात. काका बैठकीत आरामखुर्चीत. आणि उन्हाळा आला की काकांची चैन असायची. खिडकीत त्यांचा जुना पत्र्याचा कूलर सुरू झाला की विमान उतरल्यासारखा आवाज यायचा. मग काकूंनी काहीही विचारलं की काका ओरडून सांगत, "कूलर चालू हाय वं, ऐकू नाही येऊन राह्यलं!"

नागपूरचा उन्हाळा किती लांब असतो ते काय सांगायचं? होळी आटोपली की कूलरमध्ये नवं गवत भरायचं, ते पाऊस बसेपर्यंत. तेवढे सगळे महिने काका सुखाने काहीही न ऐकता काढायचे. एका वर्षी सख्ख्या साळ्याच्या वास्तुशांतीलाच गेले नाहीत. काकूंनी महिनाभर सांगितलं होतं म्हणे. भिंतीपलीकडे आम्हाला तारीख पाठ झाली होती.

मागच्या हिवाळ्यात काकूंच्या गळ्याची गाठ काढली. ऑपरेशन चांगलं झालं, काळजीचं काही निघालं नाही, पण आवाज गेला तो नीट परत आला नाही. आता त्या बोलतात तेव्हा नुसती कुजबुज बाहेर पडते. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, बोलत राहायचं. गल्ली एकदम मोकळी मोकळी वाटायला लागली. पानवाल्यानेही मला एकदा विचारलं, "काकू गावले गेल्या का जी?"

होळी झाली आणि काकांनी जुना कूलर भंगारवाल्याला देऊन टाकला. मला कळेना, तो कूलर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. "चाल गा प्रमोद, लकडगंजले जाऊ. गाडी काढ."

तिथे एका दुकानाबाहेर मोठा बोर्ड होता, 'नवीन मॉडेल. आवाज अजिबात नाही.' माणूस मावेल एवढ्या खोक्यावरही तेच छापलेलं. काकांनी खोका दोनदा वाचला. दुकानाचे मालक मोहनसेठ, हसतमुख आणि गोलमटोल, ते म्हणाले, "काका, लावा अन् विसरून जा."

लावला, आणि तो जुन्यापेक्षा थोडा सभ्य आवाजात, पण गरजलाच. संध्याकाळी आम्ही परत लकडगंजला.

"सेठ, आवाज हाय," काका म्हणाले.

"कूलर हाय काका. थोडा तं येईनच नं."

"थोडा कुठी लिहिला हाय? अजिबात नाही असं लिहिलं हाय."

"अजिबात नाही म्हणजे पह्यलेसारखा नाही."

"हे तुमी आता बोलून राह्यले. खोक्यावर नाही."

सेठनी दुसरा कूलर दिला. तो तसाच निघाला. मग मोठा दिला, तो आणखी मोठ्याने. त्या आठवड्यात माझी गाडी लकडगंजचा रस्ता आपोआप धरायला लागली होती. खरं सांगायचं तर मी वैतागलो होतो. ऊन डोक्यावर, ऑफिसमधून अर्धी सुटी, आणि हा माणूस खोका वाचतोय.

शेवटी सेठचाही धीर सुटला. त्यांनी गल्ला उघडला आणि काकांचे सगळे पैसे समोर ठेवले. "हे घ्या काका, पूरे पैसे वापस. मामला खतम."

मी सुटकेचा श्वास टाकला आणि गाडीची किल्ली काढली. काकांचा हा विजयच होता. आजवर ते पैसे उचलत, दुकानदाराला नमस्कार करत आणि येताना मला उसाचा रस पाजत. पण या वेळी त्यांनी पैशांना हात लावला नाही.

"पैसे घेऊन काय करू?" ते म्हणाले.

"मंग काय पायजे तुमाले?"

"लिहिलं ते पायजे." काका स्टुलावर बसले. त्यांचा आवाज खाली आला होता. "हे पाहा सेठ, माही बायको लय बोलाची. आता तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज बारीक निंगते. कूलर लावला का मले तिचं ऐकू येत नाही, अन् बंद केला तं तिले गरमी सहन होत नाही. पह्यले ती मी ऐकेपर्यंत बोलाची, सोडाची नाही. आता एकदा बोलते, दोनदा बोलते, मंग असा हात हलवते. म्हणते, जाऊ द्या." काकांनी हात हलवून दाखवला. "ते जाऊ द्या मले पाहावत नाही. तुमच्या बोर्डावर लिहिलं होतं म्हून आलो."

माझ्या हातातली किल्ली तशीच राहिली. इतके दिवस मी त्यांच्यामागे गाडी हाकत होतो आणि मला वाटत होतं की म्हातारा हट्टाला पेटलाय. मला फार वाईट वाटलं.

सेठनी पैसे परत गल्ल्यात टाकले आणि खण आत ढकलला. मग म्हणाले, "उद्या दुपारी घरी येतो."

ते खरंच आले, स्कूटरवर, सोबत एक मिस्त्री. काकांनी त्यांना बैठकीत बसवलं, कूलर सुरू केला आणि आत हाक मारली, "लीला, काही बोल वं." स्वयंपाकघराच्या दारात काकू आल्या. त्यांचे ओठ हलले. काका कानामागे हात धरून पुढे वाकले. सेठही वाकले. काहीही कळलं नाही. काकू पुन्हा बोलल्या, आणि मग त्यांचा हात वर आला, तसाच, जाऊ द्या म्हणणारा.

सेठनी उठून स्वतः बटण बंद केलं. "काय म्हणता ताई?"

"चहात साखर किती टाकू म्हून विचारलं," काकू बारीक आवाजात म्हणाल्या.

सेठ खाली बघत होते. "काका, खरं सांगू? बिनआवाजाचा कूलर नागपुरात कोनी बनवत नाही. कंपनी छापते, आमी बोर्ड लावतो. पण थांबा."

त्यांनी मिस्त्रीला घेऊन घराभोवती एक चक्कर मारली. कूलर खिडकीतून काढला आणि मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली लोखंडी स्टँडवर बसवला. स्टँडच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे दिले. मग पत्र्याची एक लांब चौकोनी नळी करून तिला आतून गादीचा फोम चिकटवला आणि तिच्यातून थंड हवा आतल्या झरोक्यात आणून सोडली. दोन दुपारी हे काम चाललं. मिस्त्री घामाने निथळत होता, सेठ छत्री धरून उभे होते, आणि काका खोक्यावर बसून सूचना करत होते, ज्या कुणी ऐकत नव्हतं.

काम झालं. सेठनी कूलर सुरू केला. हवा झुळझुळ आत आली. आम्ही सगळे बैठकीत गप्प बसून कान देत होतो. आवाज येत होता. पहिल्यासारखा नाही, पण दूर कुठेतरी चक्की चालावी तसा घूं घूं आवाज नक्की येत होता. मला ऐकू येत होता, मिस्त्रीला येत होता, सेठचा चेहरा तर पडलाच. हा माणूस आता पुन्हा खोका पुढे करणार, हे आम्हाला कळून चुकलं होतं.

तेवढ्यात आतून काकूंचा तो धाग्यासारखा आवाज आला. "अवो, त्या लोकायले पाणी तं द्या. उन्हात उभे ठेवले अन् सोता खोक्यावर बसले. माह्या भावाच्या वास्तुशांतीलेही असेच बसून राह्यले तुमी, अजून नाव ठेवते वहिनी..." आणि त्या पुढे बोलत राहिल्या, नळाचं, भाचीचं, गॅसवाल्याचं.

काकांनी हात वर करून आम्हाला तसंच बसायला खुणावलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"काका," सेठ चाचरत म्हणाले, "कसं हाय मंग?"

काकांनी डोळे उघडले. "लिहिलं हाय तसंच हाय," ते म्हणाले. "आवाज अजिबात नाही."

सेठनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. जन्मभर छापील चुका पकडणाऱ्या माणसाने ही एक समोरून जाऊ दिली होती. सेठनी स्टँडचे आणि नळीचे पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला, कारण साखर किती हे काकूंनी दोनदा विचारलं.

परवा ऑफिसातून येताना काकांच्या फाटकाबाहेर रद्दीवाल्याची हातगाडी उभी दिसली. तिच्यावर कूलरचा तो मोठा खोका दुमडून बांधलेला होता. मी थबकलो. "काका, खोका देऊन राह्यले? मंग वापसी कशी होईन?"

काका फाटकाला कडी घालत होते. "कशाची वापसी?" ते म्हणाले.

आतून काकूंची हाक आली. पूर्वीपेक्षा किंचित मोठी होती का? मला तसं वाटलं खरं. "अवो, ऐकून राह्यले का?"

काका मला तिथेच सोडून लगबगीने आत वळले. "ऐकून राह्यलो नं वं," ते म्हणाले. "बोल."