अकरा इंचांची चोरी

रविवारी सकाळी मनोऱ्याने वर्तमानपत्र टेबलावर असं आपटलं की त्याच्या बायकोच्या कपातला निम्मा चहा बशीत आला.

"पाच फूट सहा इंच!" तो ओरडला. "मी! पाच फूट सहा इंच!"

बायकोने बशीतला चहा शांतपणे परत कपात ओतला. "कोण म्हणतं?"

"छापलंय! हे बघ, छापलंय!"

मनोरा हे त्याचं मैदानातलं नाव. व्यावसायिक लीगमध्ये तो चौदा वर्षं बास्केटबॉल खेळला होता, आणि तेही जाळीखाली, जिथे उंच माणसालाच उभं करतात. उंची सहा फूट पाच इंच. खेळ सोडून वीस वर्षं झाली होती. आता त्याचं पडद्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकाच्या खिडकीवर दांडी बसवायला त्याला अजून शिडी लागत नसे. जुन्या खेळाडूंच्या कारकिर्दीवर दर रविवारी अर्धं पान लिहून येई, आणि त्या अर्ध्या पानात आपला नंबर कधी लागतो याची तो तीन वर्षं वाट बघत होता. शेवटी एकदाचा वार्ताहर बाईंचा फोन आला. मनोरा दीड तास बोलला. फोटो मात्र त्याने गळ्यापर्यंतचाच पाठवला, कारण गळ्याखाली थोड्याच अंतरावर हल्ली पोट सुरू होत होतं. तो छापून आला टपाल-तिकिटाएवढा, आणि निम्मा शाईत बुडालेला.

नुसता आकडा उलटा पडला असता तर एक वेळ त्याने गिळलं असतं. पण बाईंनी सगळा लेखच त्या आकड्यावर उभा केला होता.

"'निसर्गाने त्याला उंची दिली नाही,'" बायको मोठ्याने वाचू लागली, "'पण जिद्द भरभरून दिली. प्रेक्षक त्याला चेष्टेने मनोरा म्हणत. या क्रूर थट्टेने तो कधी खचला नाही.'" तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मग म्हणाली, "छान लिहिलंय हो."

रागाने माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. मनोऱ्याच्या बाबतीत तिला लांबचा पल्ला होता, त्यामुळे वर पोचेपर्यंत ती चांगलीच भडकली.

"क्रूर थट्टा? अगं, पोस्टरवर छापायचे ते नाव! लोक तिकीट काढून यायचे मनोरा बघायला!"

"पण तुम्हीच तर आयुष्यभर म्हणत आलात, लोक माझी नुसती उंची बघतात, मेहनत कोणाला दिसत नाही. या बाईंनी नुसती मेहनत बघितलीय."

"म्हणून काय माझी उंची काढून घ्यायची?"

त्याने तिथल्या तिथे वार्ताहर बाईंना फोन लावला. पलीकडे कसलातरी गोंगाट चालला होता.

"साहेब, अभिनंदन!" बाई ओरडल्या. "लेख फार आवडलाय लोकांना! सकाळपासून फोन थांबत नाहीयेत!"

"उंची चुकलीय! सहा-पाच पाहिजे! पाच-सहा नाही! सहा, पाच!"

"काय म्हणालात? सहा नाही, पाच?"

"हो! नाही! म्हणजे आधी सहा, मग पाच!"

"आलं लक्षात. सहा होतं, त्याचं पाच करायचं. बुधवारी दुरुस्ती छापते, निश्चिंत राहा."

बुधवारी दुरुस्ती आली. सातव्या पानावर, तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत: 'रविवारच्या लेखात नामवंत खेळाडू मनोरा यांची उंची पाच फूट सहा इंच अशी प्रसिद्ध झाली होती. ती पाच फूट पाच इंच अशी वाचावी. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

"आता फोन करू नका," बायको म्हणाली. "फोनमागे इंच जातोय."

गुरुवारी दुपारी तो दुकानात छताला नवा पडदा अडकवत होता. हात वर, तोंडात दोन स्क्रू. तेवढ्यात एक क्रीडाशिक्षिका आत आल्या. गळ्यात शिट्टी, हातात त्या लेखाचं कात्रण, तेही प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं.

"मनोरासाहेब आहेत का?"

मनोऱ्याने तोंडातले स्क्रू काढले. "मीच."

बाईंनी मान वर केली. आणखी वर केली. मग त्या हसल्या. "तुम्ही त्यांचे थोरले बंधू का? चेहऱ्यात साम्य आहे हो."

"अहो, भाऊ कसला? मीच मनोरा! ते उंचीचं छापलंय ना, ते साफ..."

"हो हो, पाच-पाच आहे, मी दुरुस्तीपण वाचली! अजून एक इंच कमी! कसं जमवलं असेल हो त्यांनी?" बाईंचा आवाज भरून आला. "आमच्या शाळेत संघाची निवड झाली की बुटकी मुलं बाकावर बसतात. लेख मी वर्गात वाचून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी बावीस मुलं मैदानावर हजर! त्यात एक मुलगी तर घरात फ्रिजच्या वरचं काही दिसत नाही म्हणून रडायची. ती आता म्हणते, मला फ्रिजवरचं बघायचंच नाही, मला पास टाकायचाय. शनिवारी सत्कार ठेवलाय. साहेबांना घेऊन याच!"

आणि त्या आमंत्रणपत्रिका गल्ल्यावर ठेवून निघूनही गेल्या. मनोरा स्क्रू मुठीत धरून बघत राहिला. स्वतःच्याच दुकानात, स्वतःच्याच छताखाली तो स्वतःचा थोरला भाऊ झाला होता.

"जातो मी शनिवारी," घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला. "स्टेजवर चढून सगळ्यांसमोर सांगतो. ओळखपत्र नेतो, मोजपट्टी नेतो, आणि साक्षीदार पण नेतो."

साक्षीदार म्हणजे भिंगरी. चौदाच्या चौदा वर्षं तो मनोऱ्याच्याच संघात होता. चेंडू पुढे आणायचा, समोरच्यांना गरगर फिरवायचा आणि वर मनोऱ्याच्या हातात द्यायचा. आता त्याची लाँड्री होती. मनोऱ्याने त्याला फोन केला.

"अरे, चार वर्षांनी आठवण आली!" भिंगरी म्हणाला. "वाचला तुझा लेख. मस्त आलाय."

"मस्त काय मस्त? माझे अकरा इंच चोरलेत, वर बुधवारी बारावा! शनिवारी ये आणि सांग सगळ्यांना मी किती उंच आहे ते."

"येतो की. तेवढंच काम ना?" भिंगरी म्हणाला. "लेखात माझं नाव शोधत होतो, सापडलं नाही. बहुतेक घाईत वाचला मी."

मनोऱ्याने ऐकलं न ऐकलं. तो मोजपट्टी शोधत होता.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. दारातच शिक्षिका धावत आल्या. "आलात! या, या! साहेब मागून येतायत ना? तुमच्यासाठी पाचव्या रांगेत जागा ठेवलीय." मनोऱ्याने खिशातलं ओळखपत्र काढलं, पण तोवर कोणीतरी त्याला मागून ढकललं आणि बायकोने हाताला धरून खुर्चीत बसवलं. पुढच्या रांगेत वार्ताहर बाई कॅमेरा घेऊन बसल्या होत्या. ठीक आहे, मनोरा मनात म्हणाला, नाव पुकारू दे, मग बघतो एकेकाला.

आणि दारातून भिंगरी आत आला. पायात खेळाचे बूट, पाठ ताठ, केस पांढरे, आणि उंची बरोबर पाच फूट सहा इंच. तो डोळ्यांवर हात धरून मनोऱ्याला शोधत होता.

"आले! साहेब आले!" शिक्षिका किंचाळल्या. बँड वाजू लागला. दोघा शिक्षकांनी भिंगरीला धरलं, एकाने त्याच्या हातात पुष्पगुच्छ कोंबला, आणि काय चाललंय हे त्याला कळेपर्यंत तो स्टेजवर ध्वनिक्षेपकासमोर उभा होता.

"अहो, ऐका," तो म्हणाला, "मनोरा मी नव्हे."

"बघा मुलांनो!" शिक्षिकांनी डोळे पुसले. "इतकी वर्षं झाली, तरी ते नाव अजून मनाला लागतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मनोरा ताडकन उठायला गेला, पण त्याच वेळी पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली. "सर, उंच खेळाडूंची भीती नाही वाटायची?"

भिंगरीने पाचव्या रांगेकडे पाहिलं, मग मुलीकडे. प्रश्न त्यालाच लागू होता.

"वाटायची ना," तो म्हणाला. "पहिल्या मॅचला माझे पाय लटपटत होते. मग लक्षात आलं, ही मंडळी वर बघतात. खाली काय चाललंय ते त्यांना उशिरा कळतं. आपण त्यांच्या काखेखालून निसटायचं."

मुलं खिदळली. मग भिंगरीला सूर सापडला. मोडलेल्या बोटावर पट्टी बांधून खेळलेला सामना त्याने सांगितला. रोज सगळ्यांच्या आधी येऊन आंधळ्यासारखे डोळे मिटून चेंडू आपटत बसायचा, ते सांगितलं. शेवटी अंतिम सामना आला. चार सेकंद उरलेले, एका गुणाने मागे.

"दोघांनी मला कोपऱ्यात दाबलं होतं. काही दिसत नव्हतं. पण आमचा उंच गडी जाळीखाली डाव्या बाजूला असणार हे मला पाठ होतं. चौदा वर्षं पाठ होतं. न बघता टाकला."

मनोरा पुन्हा खुर्चीत टेकला. हा सामना त्याने शेकडो वेळा सांगितला होता, वार्ताहर बाईंनाही वीस मिनिटं सांगितला होता. त्याची गोष्ट नेहमी एकाच वाक्याने सुरू व्हायची: 'चेंडू माझ्या हातात आला.' कुठून आला, ते त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

"मग बास्केट कोणी केली?" चिमुरडीने विचारलं.

"तो काय, बसलाय," भिंगरीने बोट दाखवलं. "उभा राहा रे!"

मनोरा उभा राहिला. तीनशे माना वळल्या आणि हळूहळू वर झाल्या. "अगंबाई, हे तर पडदेवाले!" शिक्षिका म्हणाल्या.

हीच ती वेळ होती. खिशात ओळखपत्र होतं, मोजपट्टी होती, साक्षीदार स्टेजवर होता. पंधरवड्याइतका संताप सहा दिवसांत साठला होता आणि तो आता उसळून वर आला. पण बाहेर पडला तो भलत्याच दिशेने. मनोऱ्याने थेट वार्ताहर बाईंवर बोट रोखलं.

"तुम्हाला काही वाटतं का हो? हा माणूस चौदा वर्षं खेळला! याच्याशिवाय मला एक चेंडू मिळाला नसता, एक! सगळ्या जगावर लिहिता, तीन तीन वर्षं लिहिता, आणि या माणसावर एक ओळ छापावीशी वाटली नाही तुम्हाला? एक ओळ?"

वार्ताहर बाईंनी कॅमेरा खाली घेतला. त्या पार गोंधळल्या होत्या.

"अहो, असं काय करता?" त्या म्हणाल्या. "अर्धं पान त्यांच्यावरच तर छापलंय!"

उंची नाही, जिद्द भरभरून, मेहनतीने मिळवलेलं सगळं. लेखातली एकेक ओळ मनोऱ्याला आठवत गेली, आणि एकाही ओळीत त्याला चूक सापडेना. स्टेजवर भिंगरी पुष्पगुच्छाआड तोंड लपवून गदगदा हसत होता. मग मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कोणासाठी ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि त्या थांबेचनात.

"बसा आता," बायकोने त्याचा सदरा ओढला. "मागच्यांना दिसत नाहीये."