तीन बँडचं घर

आकाराम चौगुल्यांचं नवं घर भूकंपातसुद्धा हलू नये म्हणून त्यांच्या मुलीनं तीन बँड सांगितले होते. त्यातला पहिला जोत्याच्या दिवशी वाजला.

मुलगी, तेजस्वी, पुण्यात इमारतींची डिझाइनं करणाऱ्या एका ऑफिसात इंजिनिअर होती. गेल्या वर्षी एका सकाळी फुलेवाडीतल्या त्यांच्या जुन्या घरात मांडणीतली भांडी खडखडली. आकारामनी मांजराला शिव्या घातल्या. नंतर टीव्हीवर कळलं, की तो भूकंप होता. मांजराची माफी कुणी मागितली नाही, पण घर पाडून नवं बांधायचं ठरलं. तेजस्वीनं स्वतः डिझाइन केलेलं हे पहिलंच घर.

शेजारच्या गणपतरावांनी ही बातमी तालमीच्या कट्ट्यावर ऐकली. त्या तालमीत संध्याकाळी पोरं लाठी आणि दांडपट्टा शिकायची. गणपतराव तिथले जुने वस्ताद असल्यामुळे त्यांच्या मतालाही धार होती. ते म्हणाले, "पोरगी घर काढणार? रांगोळी हाय व्हय ती?"

हे वाक्य आकारामांच्या छातीत सळईसारखं रुतून बसलं. घर असं उभं राहिलं पाहिजे, की गणपतरावांनी येऊन पोरीपुढं हात जोडले पाहिजेत. बाकी घरात मोरी कुठं आणि स्वयंपाकघर कुठं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं उरलं नव्हतं.

काम सुरू झालं तेव्हा तेजस्वीनं पुण्याहून फोनवर बजावलं, "आबा, बँड विसरायचा नाही. एक जोत्याला, एक खिडक्यांच्या वर, एक स्लॅबच्या खाली. तीन बँड झाले की भिंती एकमेकींना सोडत नाहीत."

तिच्या धंद्यात बँड म्हणजे कमरेला करदोटा बांधावा तसा वीटकामाभोवती सलग फिरवलेला सळई-काँक्रीटचा थर. आकारामनी जन्मात एकच प्रकारचा बँड पाहिला होता. त्याच्या पुढं घोडा असायचा.

"तीन म्हंजे जरा जास्त हुईत न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"एकपण कमी चालणार नाही. आणि लोक म्हणतील, बँडची काय गरज हाय? ऐकायचं नाही."

आकारामनी लोकांचं ऐकलं नाही. गुंडू मिस्त्रीचंही नाही.

"मालक, जोत्याला नारळ असतोय," गुंडू म्हणाला. "बँड कशापायी?"

"भूकंपासाठी."

गुंडूनं थोडा विचार केला आणि सोडून दिला. त्यानं पुष्कळ घरं बांधली होती, आणि इंजिनिअरच्या बापाशी वाद घालायचा नाही हे तो पहिल्याच घरात शिकला होता. नकाशा बघावा म्हटलं, तर आकारामनी तो फ्रेम करून भाड्याच्या खोलीत देवांशेजारी टांगला होता. सिमेंटचे हात लागतील म्हणून मिस्त्रीला तो उंबऱ्याबाहेरून दाखवला जाई.

जोत्याच्या दिवशी कृष्णात बँडमास्तर आपली माणसं घेऊन आला. संध्याकाळी तेजस्वीचा फोन.

"आबा, झाला का बँड?"

"झाला की! लई झकास."

"सलग फिरवलाय ना? मध्ये कुठं तुटला नाही ना?"

"पुऱ्या जोत्याला येढा घातलाय. मी सोता मागनं चालत हुतो."

"आणि कोपऱ्यात? सगळी ताकद कोपऱ्यात लागते."

"कोपऱ्यात डबल जोर लावाय लावला."

तेजस्वीचे डोळे भरून आले. ऑफिसात सगळे म्हणायचे, गावाकडं साइटवर कुणी ऐकत नाही. तिचे वडील ऐकत होते. "शाब्बास आबा! आता सात दिवस पाणी मारायचं त्याला. दिवसातनं तीनदा. नाहीतर कच्चा राहतो."

"पाणी?" आकाराम बायकोकडं बघत म्हणाले.

"सायन्स असंल त्यात कायतरी," आक्काताई म्हणाल्या.

मग सात दिवस, दिवसातनं तीनदा, आकाराम पाण्याची घागर घेऊन कृष्णातच्या दारात जात राहिले. अंगावर मारायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून ते प्यायला देत. कृष्णातच्या गल्लीत नळाला पाण्याची बोंबच होती, त्यामुळं त्यानं कारण विचारलं नाही. तेजस्वीनं फोटो मागितला तेव्हा आकारामनी तोही पाठवला. त्यांच्या प्रत्येक फोटोत असतं तसं त्यातही मुख्यतः त्यांचं बोट होतं.

खिडक्यांच्या वरचा बँडही असाच पार पडला. गुंडूनं रीतीप्रमाणे खिडक्यांवर तेवढे लिंटल, म्हणजे काँक्रीटचे आखूड तुकडे, टाकले, कृष्णातनं खिडक्यांतून आत बघत दोन गाणी वाजवली, आणि घागर पुन्हा सुरू झाली.

स्लॅबच्या दिवशी तेजस्वी रजा काढून आली. दारात मिक्सर घरघरत होता. भिंतीलगत मंडपात मटण शिजत होतं. पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याशेजारी गणपतराव हातात पळी घेऊन उभे होते. टीका करायला आलेल्या माणसाला जेवू घालायची फुलेवाडीची पद्धत आहे. तेजस्वीनं भिंतीच्या डोक्याकडं बघितलं. वीट. दोन लिंटलांच्या मधे बघितलं. वीट.

"आबा, बँड कुठाय?"

"हाय की. टोप्या घालाय गेल्यात."

तेवढ्यात कृष्णात आणि मंडळी दारातून आत आली. छत जड असतं म्हणून आकारामनी या वेळी जादा मोठा ढोल सांगितला होता. ढोलवालाही त्याच मापाचा होता. त्यांनी असं काही सुरू केलं, की मिक्सर आपण होऊन बंद पडल्यासारखा वाटला.

तेजस्वी सिमेंटच्या पोत्यावर बसली. "आबा, ह्यो बँड?"

"मग दुसरा कुठला असतोय?"

"आणि सात दिवस पाणी कुणाला मारलं?"

कृष्णातनं हात वर केला. "मला, ताई. लई उपकार झालं."

चिडली की तेजस्वीचं पुणं गळून पडायचं आणि ती फुलेवाडीतल्या पोरींसारखी 'करतो, जातो' बोलायला लागायची. "बंद करा वाजवायचं! स्लॅब न्हाय टाकायचा आज! मी ह्या भिंती पाडतो!"

"घ्या," गणपतराव पळी हलवत म्हणाले. "मी काय म्हटलंतं? रांगोळी. फू केलं की पुसली."

आकारामांचा चेहरा पडला. वाजवणं थांबलं. ढोलवाला सकाळपासून उपाशी होता. त्यानं दम खायला, ढोलासकट, भिंतीला पाठ टेकली.

भिंतीनं क्षणभर विचार केला आणि ती बाहेर गेली.

माणसं सगळी वाचली. रस्सा वाचला नाही. दोन खिडक्यांमधला विटांचा ढिगारा सरळ पातेल्यात उतरला आणि अख्ख्या फुलेवाडीच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या रश्श्याचा तांबडा झाला. गणपतरावांनी सवयीनं पळी बुडवून चाखला. "चव बरी हाय," ते म्हणाले. "जरा कचकचतोय."

"बघितलंसा?" तेजस्वी म्हणाली. "भूकंप न्हाय आला. ढोलवाला टेकला."

त्यानंतर आकाराम आणि गणपतराव बोलायचे बंद झाले. तेजस्वीनं रजा वाढवली, उरलेल्या भिंती उतरवल्या, जोत्यावर पहिला खरा बँड घातला आणि साइटभोवती हिरवी जाळी बांधली, म्हणजे आतलं कट्ट्यावरून दिसू नये. नकाशा फ्रेममधून सुटला. गुंडू मिस्त्रीनं तो हातात धरला तेव्हा आकारामनी डोळे मिटून घेतले.

गिलावा होऊन जाळी निघाली, तेव्हा तेजस्वीनं ढोलवाल्याला मुद्दाम जेवायला बोलावलं आणि भिंतीला टेकवलं. काही झालं नाही. मग कृष्णातला टेकवलं. मग अख्खा बँड टेकला. आकाराम लांब उभे राहून भिंतीकडं न बघता कट्ट्याकडं बघत होते.

गणपतराव उठले. सावकाश चालत आले. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला, खांदा लावून पाहिला आणि तेजस्वीपुढं हात जोडले.

"पोरी, चुकलं माझं. माझ्या घरामागं परड्यात दोन खोल्या काढायच्या हायत. तूच सांग कशा ते."

भिंतीच्या आत काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. वस्तादानं दुसऱ्याचा डाव विचारायचा नसतो.

आकारामनी त्या रात्री मांजराला दूध पाजलं.

तेजस्वी मात्र धडा शिकली होती. चूक आबांची नव्हती. साध्या माणसांना इंग्रजी शब्द कशाला? पुण्याला परतल्यावर तिनं गणपतरावांना फोन केला आणि जाणूनबुजून शुद्ध मराठीत सांगितलं, "काका, बँड वगैरे काही नको. तीन वेळा पट्टा फिरवायचा. जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छताच्या खाली."

"पट्टा!" गणपतराव खूश झाले. "आता बोललीस बघ. त्या आकारामच्या पिपाण्यांनी काय हुणार हुतं?"

जोत्याच्या दिवशी संध्याकाळी तिनं पुन्हा फोन लावला.

"काका, फिरला का पट्टा?"

"फिरला की! माझा हात आता थरथरतोय, म्हणून तयार पोरं लावली."

"सलग ना? मध्ये कुठं थांबला नाही ना?"

"एका दमात पुरा येढा."

"आणि कोपऱ्यात?"

"चारी कोपऱ्यांत डबल जोर. बघणारी माणसं मागं सरली."

तेजस्वीनं समाधानानं सुस्कारा सोडला. मराठीची ताकद म्हणतात ती हीच. "छान केलंत काका. आता सात दिवस त्याला पाणी मारा."



"पट्ट्याला पाणी?" गणपतराव म्हणाले. "येडी हाईस व्हय पोरी? गंजंल की त्यो. तेल लावून म्यानात घातलाय."