तीनशेव्या दिवसाची पंगत

राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, रविवारी सकाळी साडेसातला, काठोकाठ भरलेले दुधाचे पातेले द्यावे तसा कृष्णातने आपला मोबाईल बायकोच्या, क्रांतीच्या हातात दिला. पौर्णिमा होती. त्याला आईला घेऊन नृसिंहवाडीला जायचे होते आणि आईने, म्हणजे धोंडुबाईंनी, आदल्या दिवशीच बजावले होते, "दत्ताच्या दारात त्यो मोबाईल दिसला, तर मी एसटीतनं खाली उतरंन."

मोबाईलमध्ये कृष्णातचे गाव होते. म्हणजे खेळातले. डोंगराच्या पोटात राहणारे शंभरेक बुटके तिथे खाण खणायचे, पेरायचे, जेवायचे आणि दुपारी चारला राक्षसांची धाड आली की लढायचे. अशी कोल्हापूरकरांची त्रेचाळीस गावे एका ग्रुपमध्ये होती. ज्याच्या गावात सलग तीनशे दिवस एकही बुटका मरणार नाही, तो या सगळ्या गावांचा पाटील, असे ठरले होते. कृष्णातचे दोनशे नव्याण्णव झाले होते. तीनशेवा दिवस आज संध्याकाळी सहाला पुरा होणार होता.

"आता नीट ऐक," कृष्णात म्हणाला. "ह्यो आडदांड हाय न्हवं, ह्यो टँक. मार खायला ह्याला पुढं करायचा. ही हीलर. मलमपट्टी करती, तिला मागं ठेवायची. आन् राक्षसानं दुसऱ्या कुणाला मारू नये म्हणून टँकनं त्याला डिवचायचं. त्याला म्हणायचं अ‍ॅग्रो घेणं."

"म्हणजे लग्नात तुमची थोरली आत्या घेती तसं."

"चेष्टा करू नगं गं. नुसतं खणत बसायचं ते ग्राइंड. आन् ज्याला ह्यातलं कायबी कळत न्हाय, त्यो नूब."

"म्हणजे मी."

कृष्णातने चपला पायात घातल्या. तो दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायचे काम करायचा. दिवसभर जो येईल तो त्याच्यावर ओरडायचा. आतून डॉक्टर ओरडायचे ते वेगळेच. या ग्रुपमध्ये मात्र टँक कसा उभा करावा हे विचारायला इंजिनिअर पोरे त्याला फोन करत आणि फोनवर बोलताना त्याची मान ताठ व्हायची. क्रांतीला ते दिसत होते. एरवी ती त्या खेळाच्या नावाने बोटे मोडायची, पण आज तिने मनाशी ठरवले, की जगाचे काहीही होवो, ह्यांचा एक बुटका मरू द्यायचा नाही.

चारपर्यंत सगळे सुरळीत चालले. चारला दारात बारा राक्षस आले. क्रांतीने चष्मा लावून बघितले. खाली पाटी होती, 'उपाशी राक्षस'. एका बाजूला तलवारीचे बटन आणि दुसऱ्या बाजूला कोठार. कोठारात नऊशे भाकरी.

क्रांती मुरगूडची. तिच्या माहेरी दारात आलेला माणूस न जेवता गेला, असे कधी घडले नव्हते. शिवाय लढाई म्हटली की कोणीतरी मरणार, हेही उघड होते. तिने दार उघडले, पंगत बसवली आणि बाराही जणांना वाढले. राक्षस जेवले, ढेकर दिला आणि गेले. कृष्णात तीनशे दिवस उगाच मारामाऱ्या करतोय, असे तिला वाटले.

पंधरा मिनिटांनी छत्तीस आले. त्यांना वाढेपर्यंत मोबाईल वाजला. पलीकडे उजैर होता. तो शाहूपुरीत पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा आणि ग्रुपमध्ये कृष्णातचा उजवा हात होता; ग्रुपमधले प्रत्येक गाव त्याला आपल्या मोबाईलवर दिसायचे.

"वैनी, काय केलासा ह्ये? हितं जेवाण मिळतंय म्हणून आख्खा डोंगर उतरायला लागलाय की!"

"मग काय दारातनं हाकलू?"

"राक्षस हाईत वो त्ये!"

"असू देत. आमच्या सोयऱ्यांत काय कमी हाईत?"

"गेट लावा आदी!"

"पंगत बसलीया. माणसं आत जेवत्यात आन् गेट कसलं लावताय?"

खेळाचेही तेच म्हणणे होते. आत परके असताना गेट लागत नव्हते. पाचला राक्षस नव्वद झाले आणि भाकरी उरल्या दोनशे. त्या संपल्या तर बुटके उपाशी मरणार, हे कळायला टँक-हीलर शिकावे लागत नव्हते. क्रांतीने पदर खोचला. तलवारवाल्यांच्या तलवारी काढून घेतल्या आणि सगळ्यांना चुलीपुढे बसवले.

"टँकला भाकऱ्या थापायला लावल्या?" उजैर रडकुंडीला आला. "साठ लेवलचा टँक हाय त्यो! आठ म्हयने राबून वाढवलाय!"

"अंगात ताकद हाय, मळू दे की पीठ. तुमी बोलत बसू नगा, पीठ धाडा. आपल्याकडं कार्य असलं की भाऊकी शिधा आणती का न्हाय? त्रेचाळीस गावं हाईत न्हवं तुमची?"

 उजैरने ग्रुपवर हाळी दिली. कुठून पीठ आले, कुठून सरपण आले. नुजहत नावाच्या कॉलेजातल्या पोरीने आपल्या गावचे सगळे मीठ पाठवून दिले. दीडशे राक्षस मांडी घालून जेवू लागले आणि उजैर स्वतःच फोनवर ओरडायला लागला, "वैनी, डावीकडची वळ ऱ्हायली! तिकडं वाढा!"

सहाला चार मिनिटे कमी असताना एका बुटक्याच्या डोक्यावर लाल खूण लागली. तो टँकच होता.

"वैनी, ह्यो मरतोय! जेवला न्हाय काय ह्यो?"

क्रांतीने जेवणाची यादी उघडली. जेवला नव्हता. वाढणाऱ्याने शेवटी जेवायचे, हे तिच्या हाडीमासी इतके मुरले होते, की स्वयंपाक्यांचे जेवण तिने आपोआपच सगळ्यात खाली लावले होते. आणि कोठारात भाकरी नव्हती. एकही नव्हती.

एका राक्षसाने तिसऱ्यांदा वाढून घेतले होते. त्याच्या ताटावर बोट ठेवले, की 'परत घ्या' असे येत होते. क्रांतीने बोट मागे घेतले. भरल्या ताटावरून पाहुण्याला उठवायचे? मुरगूडच्या आईने हे बघितले असते तर तिचे तोंड बघितले नसते पुन्हा. पण सकाळी मोबाईल देतानाचे नवऱ्याचे तोंडही तिला दिसत होते.

"दत्तगुरू, पदरात घ्या," असे म्हणून तिने डोळे मिटले आणि बोट दाबले. भाकरी टँकला मिळाली. राक्षस रागावून नुसता गुरगुरला. सहा वाजले. तीनशे दिवस, मृत्यू शून्य. फोनवर उजैर चक्क शिट्टी मारत होता आणि क्रांतीला मात्र रडू आले.

सातला कृष्णात आईला घेऊन परतला. पायातल्या चपला न काढताच त्याने मोबाईल घेतला. ग्रुपवर पहिलाच निरोप होता, 'पाटील, रामराम!' तो त्याने तीनदा वाचला आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. मग पुढचे निरोप वाचायला लागला. 'पाटील, उद्या तीन वळींची पंगत हाय.' 'वाढप्यांना पैलं जेवू घाला, न्हायतर वैनीगत व्हईल.' 'भाऊकी कवा बोलवू?' 'तिसऱ्या वाढीला ताट उचलायचं का न्हाय, पाटील?'

कृष्णातने वर बघितले, खाली बघितले. टँक, हीलर, अ‍ॅग्रो, एकही ओळखीचा शब्द सापडेना. तेवढ्यात दारात साठ राक्षस येऊन बसले. त्यांना आता जेवणाच्या वेळेची सवय लागली होती. कृष्णातने तलवारीचे बटन दाबले. कोणी हलले नाही, गावात तलवारवाला उरलाच नव्हता. ग्रुपवर त्रेचाळीस गावे हुकमाची वाट बघत होती.

त्याने स्वयंपाकघरात डोकावले आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारले, "क्रांती, भाकरी कुठल्या बटनावर हाय गं?"